रनिंग बॅकची किंमत : ड्राफ्टमधील एका प्रश्नाचे विवेचन

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या प्रक्रियेत, २००५ साली पहिल्या पाच निवडींत तीन रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारे, होते. दुसऱ्या क्रमांकावर मायामीने रॉनी ब्राउनला घेतले, चौथ्यावर शिकागोने सेड्रिक बेन्सनला आणि पाचव्यावर टॅम्पा बेने कॅडिलॅक विल्यम्सला. २०२४ मध्ये पहिली फेरी संपली तरी एकाही रनिंग बॅकचे नाव पुकारले गेले नव्हते. त्या वर्षीचा पहिला रनिंग बॅक, जोनाथन ब्रुक्स, ४६ व्या क्रमांकावर कॅरोलायनाकडे गेला. मधल्या दोन दशकांत चेंडू घेऊन धावणाऱ्यांचे कौशल्य आटले नाही. उलट आजचा तरुण रनिंग बॅक पास झेलण्यात आणि बचाव चुकवण्यात तेव्हाच्यांपेक्षा सरसच म्हणावा लागेल. तरीही संघ त्याच्यासाठी वरची निवड खर्च करायला तयार होत नाहीत. हे शहाणपण आहे की लाट, हे तपासायचे तर दोन प्रश्न आधी वेगळे करायला हवेत. खेळाडू किती चांगला आहे, हा एक प्रश्न. त्याच्यासाठी अमुक क्रमांकाची निवड खर्च करावी का, हा दुसरा. या विषयावरचे बहुतेक वाद दोन्हींची गल्लत केल्यामुळे लांबतात.

यार्ड कोणाचे?

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमक संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते. पुढे जाण्याच्या वाटा दोन. क्वार्टरबॅकने चेंडू हवेतून फेकायचा, किंवा रनिंग बॅकच्या हातात द्यायचा आणि त्याने धावायचे. धाव सुरू होते तेव्हा पुढच्या फळीतले पाच धिप्पाड खेळाडू प्रतिस्पर्ध्यांना ढकलून वाट काढत असतात. नोंदवहीत मात्र मिळालेले सगळे यार्ड एकाच नावापुढे लिहिले जातात. त्यातले फळीने कमावलेले किती आणि धावणाऱ्याने स्वतः मिळवलेले किती, हे वेगळे काढणे कठीण असते. मात्र डेन्व्हर ब्रॉन्कोजच्या इतिहासात याचा जवळजवळ प्रयोगच होऊन गेला आहे.

माइक शॅनहान १९९५ मध्ये डेन्व्हरचे मुख्य प्रशिक्षक झाले. फळीचे प्रशिक्षक ॲलेक्स गिब्ज यांच्यासह त्यांनी अशी पद्धत बसवली की पाचही जण ठरावीक माणसाऐवजी ठरावीक पट्टा अडवत एकाच दिशेने सरकत जायचे, आणि मागून येणाऱ्याने फट दिसताच एकच पाऊल वळवून तीत शिरायचे. त्याच वर्षी त्यांनी सहाव्या फेरीत, १९६ व्या क्रमांकावर टेरेल डेव्हिसला घेतले. १९९८ मध्ये त्याने २,००८ यार्ड काढले, प्रत्येक धावेमागे ५.१. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीलाच त्याचा गुडघा गेला. जागी आला चौथ्या फेरीतला नवखा ओलँडिस गॅरी. त्याने १,१५९ यार्ड काढले. २००० मध्ये सहाव्या फेरीतल्या माइक अँडरसनने १,४८७. २००२ मध्ये दुसऱ्या फेरीतल्या क्लिंटन पोर्टिसने १,५०८, प्रत्येक धावेमागे साडेपाच. २००४ मध्ये रूबेन ड्रॉन्सने १,२४०. माणसे बदलत राहिली आणि हजार यार्डांचा आकडा पुन्हा पुन्हा ओलांडला गेला.

यावरून धावणारा कोणीही चालतो असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला आहे. तो मला घाईचा वाटतो. गॅरीची सरासरी ४.२ होती, डेव्हिसची ५.१. जवळजवळ त्याच फळीमागे धावताना पडलेला हा ०.९ यार्डाचा फरक बऱ्याच अंशी डेव्हिसचा स्वतःचा म्हणावा लागेल, जरी १९९८ नंतर क्वार्टरबॅक जॉन एल्वे निवृत्त झाल्याने तुलना पूर्ण शुद्ध राहत नाही. डेव्हिसला २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले, तेही योग्यच. म्हणजे कौशल्य खरे आहे आणि मोजता येते. मात्र त्याचे माप काय निघते ते पाहू. प्रमुख रनिंग बॅक सामन्यात साधारण अठरा वेळा धावतो असे धरले, तर उत्तम आणि साधारण धावणाऱ्यांतला फरक सामन्यामागे सोळा-सतरा यार्ड भरतो. क्वार्टरबॅक सामन्यात तीस-पस्तीस वेळा चेंडू फेकतो, आणि उत्तम व साधारण क्वार्टरबॅकमधला फरक प्रत्येक फेकीमागे सहज यार्डभराचा असतो. हाताला चेंडू किती वेळा लागतो यातच मोठा फरक आहे.

पोर्टिसचे पुढे काय झाले हेही बोलके आहे. २००४ मध्ये डेन्व्हरने त्याला वॉशिंग्टनला दिले आणि बदल्यात पास अडवणारा कॉर्नरबॅक चॅम्प बेली व दुसऱ्या फेरीची एक निवड घेतली. वॉशिंग्टनमधल्या पहिल्या वर्षी पोर्टिसने १,३१५ यार्ड काढले खरे, पण धावेमागची सरासरी ३.८ वर आली. बेली हॉल ऑफ फेममध्ये आहे. धावणारा तोच होता, वय अवघे तेवीस, फळी तेवढी दुसरी होती.

धाव आणि पास

दुसरा मुद्दा खेळाच्या गणिताचा. १९७१ मध्ये व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट मॅकॉल या दोघांनी मैदानावरच्या प्रत्येक जागेची गुणांतली किंमत काढणारा निबंध लिहिला. यातला कार्टर त्या वेळी सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक होता ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण रविवारी पास फेकणाराच आठवड्यात आकडेमोड करत होता. चेंडू अमुक ठिकाणी असताना संघाला पुढे सरासरी किती गुण मिळतात, हे कळले की प्रत्येक चालीने गुणांची अपेक्षा किती वाढली वा घटली हे सांगता येते. आजचे सगळे विश्लेषण याच कल्पनेवर उभे आहे.

ही फूटपट्टी लावली की चित्र स्पष्ट होते. धावेमागची लीगची सरासरी कितीतरी दशके चार ते साडेचार यार्डांच्या आसपास रेंगाळते आहे. पासमागे सुमारे सात यार्ड मिळतात, आणि क्वार्टरबॅक पाडला गेल्याचे नुकसान वजा केले तरी सहाच्या वर उरतात. पूर्वी या फायद्याला मोठी जोखीम चिकटलेली होती. १९७० च्या दशकात शंभरातले पाचाहून अधिक पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडत. १९७८ मध्ये पास झेलणाऱ्याला अडवण्यावर निर्बंध आले आणि फळीला हात लांबवून बचाव करायची मुभा मिळाली. २००४ पासून त्या निर्बंधांची अंमलबजावणी आणखी कडक झाली. आता शंभरात दोन-अडीच पासच चुकीच्या हाती जातात. जोखीम निम्म्याहून कमी झाली आणि लाभ टिकला. धाव निरुपयोगी झाली असा याचा अर्थ नाही. शेवटचा एखादा यार्ड हवा असताना, आघाडी राखून घड्याळ संपवताना, किंवा बचाव पासच्या भीतीने मागे पसरला असताना धावच उत्तम. पण तिच्या वाट्याला येणारे काम आक्रमणाचा पाया राहिले नाही, पूरक झाले. ड्राफ्टने हे उशिरा ओळखले.

क्रमांकाची किंमत

आता मूळ प्रश्नाकडे. आयपीएलच्या लिलावात ज्याच्यावर जितकी बोली लागेल तितका त्याचा पगार, म्हणून तिथे किंमत खेळाडूला चिकटते. एनएफएल ड्राफ्टमध्ये ती क्रमांकाला चिकटते. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०११ च्या सामूहिक करारानंतर प्रत्येक क्रमांकाचा मोबदला जवळजवळ ठरलेला असतो. दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक घ्या, बचावपटू घ्या नाहीतर रनिंग बॅक घ्या, चार वर्षांचा खर्च तोच. खुल्या बाजारात मात्र या तिघांचे दर एकमेकांच्या जवळपासही नाहीत. २०२३ मध्ये फ्रँचाइझ टॅग लावून खेळाडूला एक वर्ष राखायचे तर रनिंग बॅकसाठी एक कोटी डॉलरच्या किंचित वर द्यावे लागत, पास झेलणाऱ्या रिसीव्हरसाठी १.९७ कोटी आणि क्वार्टरबॅकसाठी ३.२४ कोटी.

म्हणून निवडीचा नफा म्हणजे खेळाडूच्या कामाची बाजारभावाने होणारी किंमत वजा क्रमांकाचा ठरलेला पगार. एकूण वेतनावर कडक मर्यादा असलेल्या लीगमध्ये संघ या नफ्यावरच उभे राहतात. केड मॅसी आणि पुढे नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टचा अभ्यास याच अंगाने केला. संघ सर्वांत वरच्या निवडींना अवाजवी मोल देतात आणि आपल्या पारखीवर फाजील विश्वास ठेवतात, असे त्यांना दिसले. त्यांची आकडेमोड २०११ पूर्वीच्या, वरच्या निवडींना प्रचंड पगार मिळण्याच्या काळातली आहे. ती आज जशीच्या तशी लागू होत नाही, पण नफा मोजण्याची रीत लागू होते.

२०१८ चे उदाहरण घेऊ. न्यूयॉर्क जायंट्सने दुसऱ्या क्रमांकावर सेक्वॉन बार्कलीला घेतले. चार वर्षांचे सुमारे ३.१२ कोटी डॉलर, वर्षाला ७८ लाख. एकही सामना न खेळता तो सर्वाधिक कमावणाऱ्या मोजक्या रनिंग बॅकमध्ये जाऊन बसला. म्हणजे तो अव्वल निघाला असता तरी संघाची बचत थोडीच होती. त्याच वर्षी कर्क कझिन्स या क्वार्टरबॅकला मिनेसोटाने तीन वर्षांसाठी ८.४ कोटी दिले, वर्षाला २.८ कोटी. दुसऱ्या क्रमांकाच्या पगारात निव्वळ बरा क्वार्टरबॅक मिळाला असता तरी वर्षाला दोन कोटी वाचले असते. आणि बार्कली अव्वल निघालाच. पहिल्या हंगामात धावून आणि झेलून मिळून २,०२८ यार्ड, वर्षातला सर्वोत्तम नवखा आक्रमक खेळाडू हा किताबही. जायंट्सने त्या वर्षी पाच सामने जिंकले आणि अकरा हरले. खेळाडूची पारख अचूक होती, निवड तरीही चुकली. दोन प्रश्न वेगळे करायचा माझा आग्रह आहे तो यासाठी. सातव्या क्रमांकावर बफेलोला जॉश ॲलन मिळाला, बत्तिसाव्यावर बाल्टिमोरला लमार जॅक्सन. इंडियानापोलिसने आपला तिसरा क्रमांक जेट्सना देऊन बदल्यात दुसऱ्या फेरीच्या निवडी घेतल्या आणि सहाव्यावर क्वेंटन नेल्सन हा फळीतला गार्ड घेतला. २०२१ मध्ये त्याच नेल्सनमागे जोनाथन टेलरने १,८११ यार्ड काढून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. टेलर दुसऱ्या फेरीतला, ४१ वा.

ओळखायला कठीण, मिळायला सोपे

खालच्या फेऱ्यांत चांगले रनिंग बॅक मिळतात हे वारंवार दिसले आहे. २००८ मध्ये पहिल्या फेरीत पाच जण गेले. चौथ्या क्रमांकावरच्या डॅरेन मॅकफॅडनने सगळ्या कारकिर्दीत मोजकेच चांगले हंगाम दिले, बाविसाव्यावरच्या फेलिक्स जोन्सने हजार यार्ड कधीच ओलांडले नाहीत. पाचांतला शेवटचा, ख्रिस जॉन्सन, पुढच्याच वर्षी २,००६ यार्ड धावला. दुसऱ्या फेरीत मॅट फोर्टे आणि रे राइस होते, तिसऱ्यात जमाल चार्ल्स. २०१२ मध्ये क्लीव्हलँडने एक क्रमांक वर सरकण्यासाठी जादा निवडी मोजल्या आणि तिसऱ्या क्रमांकावर ट्रेंट रिचर्डसनला घेतले. त्याची कारकिर्दीची सरासरी ३.३ यार्ड राहिली. त्याच वर्षी सहाव्या फेरीतल्या आल्फ्रेड मॉरिसने वॉशिंग्टनसाठी पहिल्याच हंगामात १,६१३ यार्ड काढले.

वेचक उदाहरणांनी काहीही सिद्ध करता येते, म्हणून एक सलग यादी तपासू. २०१६ ते २०२४ या नऊ हंगामांत धावण्यात पहिला आलेला कोण? इझिकिएल इलियट दोनदा, करीम हंट, डेरिक हेन्री दोनदा, जोनाथन टेलर, जॉश जेकब्ज, ख्रिश्चन मॅकॅफ्री, सेक्वॉन बार्कली. यातले चार मान दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतल्या खेळाडूंचे आहेत. उरलेले पाच पहिल्या फेरीतल्यांचे, म्हणजे वरच्या निवडीत गुणवत्ता अधिक असते हे खरेच. पण त्या पाचांपैकी मॅकॅफ्री आणि बार्कली यांनी हा मान मिळवला तो ज्या संघाने त्यांना निवडले होते तिथून निघून गेल्यावर. वरच्या दहांतली निवड खर्च करून त्याच संघाला असा हंगाम मिळवून देणारा नऊ वर्षांत इलियट एकटाच.

शरीराचा हिशेब

आतापर्यंत संघाच्या बाजूने लिहिले. खेळाडूच्या बाजूने पाहिले की हा विषय नुसता बुद्धीचा राहत नाही.

शाळा संपून तीन वर्षे झाल्याशिवाय एनएफएलमध्ये येता येत नाही. ही तीन वर्षे कॉलेजात धावण्यात जातात, आणि प्रत्येक धाव म्हणजे शंभर किलोंच्या वरच्या माणसांची धडक. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी ड्राफ्ट, मग चार वर्षांचा ठरीव करार. त्यातली तीन वर्षे पगारावर पुन्हा बोलणीच करता येत नाहीत. पहिल्या फेरीतला असेल तर पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हाती. त्यानंतर फ्रँचाइझ टॅग. क्वार्टरबॅक तिशीनंतर बहरतो, फळीतला टॅकल तिशीपर्यंत शिकत राहतो. रनिंग बॅकचा उतार सत्ताविशीच्या आसपास सुरू होतो. म्हणजे त्याची सर्वोत्तम वर्षे नेमकी त्याच काळात येतात जेव्हा त्याला स्वतःचा भाव मागण्याचा हक्क नसतो. हक्क मिळतो तेव्हा संघ त्याच्या गुडघ्यांचे छायाचित्र मागतो.

ज्यांना तो भाव मिळाला त्यांची उदाहरणे संघांना आणखी सावध करून गेली. २०१५ मध्ये दहाव्या क्रमांकावर आलेला टॉड गर्ली २०१७ मध्ये वर्षातला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. २०१८ मध्ये रॅम्सनी त्याला चार वर्षांचे ५.७५ कोटी दिले, आणि त्याच हंगामाच्या अखेरीस गुडघा बोलू लागला. मार्च २०२० मध्ये त्याला सोडण्यात आले. सव्विसाव्या वर्षी त्याची कारकीर्द आटोपली. इलियटला डॅलसने २०१९ मध्ये सहा वर्षांचे ९ कोटी देऊ केले, २०२३ मध्ये मोकळे केले. या दोन करारांचा दाखला देत संघ दुसरा करार नाकारतात. मला यात मोठा अन्याय दिसतो. झिजेपर्यंत स्वस्तात वापरायचे आणि झिजल्यावर झिजेचेच कारण सांगायचे, असा हा व्यवहार आहे. २०२३ च्या जुलैत बार्कली आणि जेकब्ज टॅगच्या रकमेवर अडून बसले असताना लीगमधल्या अनेक आघाडीच्या रनिंग बॅकनी ऑनलाइन बैठक घेतली. हाती काही पडले नाही, कारण सामूहिक करारच त्यांच्या विरुद्ध होता.

पूर्वपक्ष

आक्षेप असा येईल : २०२४ चे काय? बार्कली फिलाडेल्फियाला गेला, २,००५ यार्ड धावला आणि सुपर बोल जिंकला. तिशी ओलांडलेल्या हेन्रीने बाल्टिमोरसाठी १,९२१ यार्ड काढले. जेकब्जने ग्रीन बेचे आक्रमण उचलले. मग रनिंग बॅकला किंमत नाही हे कसे?

या तिघांतल्या एकासाठीही त्यांच्या नव्या संघाने ड्राफ्टची निवड दिलेली नव्हती. तिघेही मार्च २०२४ मध्ये खुल्या बाजारात घेतलेले. बार्कलीचा तीन वर्षांचा करार पावणेचार कोटींच्या आसपासचा होता, आणि त्याच्यापुढे लेन जॉन्सन, जॉर्डन मायलाटा यांच्यासारखी फळी होती. मायलाटा हा ऑस्ट्रेलियातला रग्बी लीगचा खेळाडू. त्याने पूर्वी अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. फिलाडेल्फियाने त्याला २०१८ च्या त्याच ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत घेतले होते ज्यात बार्कली दुसरा होता. फळी आधी बांधली, वाट पाहिली, आणि मग उत्तम धावणारा आणला. २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने मॅकॅफ्रीला असेच आणले. चार निवडी दिल्या, पण त्यात पहिल्या फेरीची एकही नव्हती.

तरी या आक्षेपात एक सत्य आहे, आणि ते मान्य करायला हवे. किंमत फार खाली गेली की तीच वस्तू लाभाची होते. २०२३-२४ पर्यंत बाजाराने रनिंग बॅकला इतके पाडले होते की शहाण्या संघांनी तिथेच नफा शोधला. शिवाय पाससाठी हलके झालेले, मागे पसरलेले बचाव आता जोरदार धावेला कमी पडू लागले आहेत. २०२३ मध्ये डेट्रॉइटने बाराव्या क्रमांकावर जामिर गिब्जला घेतले तेव्हा टीका झाली. पण पेने सूल, फ्रँक रॅग्नो यांची फळी तयार होती आणि गिब्ज रिसीव्हरसारखाही खेळतो. ती निवड मला समर्थनीय वाटते. २०२५ मध्ये लास व्हेगास रेडर्सनी सहाव्या क्रमांकावर ॲश्टन जेंटीला घेतले, ती मात्र वाटत नाही. जेंटी बॉइसी स्टेटकडून एका हंगामात २,६०१ यार्ड धावलेला, त्याच्या गुणांबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण रेडर्सचा संघ आदल्या वर्षी धावण्यात लीगमध्ये शेवटचा होता, आणि तो दोष एकट्या धावणाऱ्याचा नसतो. वाट काढणारी माणसे अपुरी असताना वाटसरूवर सहावी निवड घालवली.

माझे मत असे : क्वार्टरबॅक आणि फळी उभी असलेल्या संघाने पहिल्या फेरीच्या उत्तरार्धात किंवा दुसऱ्या फेरीत, पासही झेलू शकणारा रनिंग बॅक जरूर घ्यावा. वरच्या दहांत घेऊ नये. आणि एमिट स्मिथ, ज्याच्या १८,३५५ यार्डांचा विक्रम अजून अबाधित आहे, तो १९९० मध्ये सतराव्या क्रमांकावर मिळाला होता हे ध्यानात ठेवावे.

खेळाडूंसाठीचा उपाय ड्राफ्टमध्ये नाही, करारात आहे. रनिंग बॅकचा पहिला करार तीन वर्षांचा करावा, पाचव्या वर्षाचा पर्याय आणि टॅग यांतून या जागेला वगळावे. मग चोवीस-पंचविसाव्या वर्षी त्याला बाजार मिळेल, आणि संघांनाही दुसरा करार झिजलेल्या शरीरासाठी करावा लागणार नाही. खेळाडू संघटनेत रनिंग बॅक संख्येने थोडे, म्हणून ही मागणी पुढे रेटायला इतर जागांवरच्या खेळाडूंना पाठीशी उभे राहावे लागेल. २०२० मध्ये झालेला सध्याचा सामूहिक करार २०३० च्या हंगामापर्यंत चालणार आहे. जेंटीचा पहिला करार पाचव्या वर्षाच्या पर्यायासकट २०२९ च्या हंगामाबरोबर संपेल.